पंच क्रमांक दोन

नोकरीतली बहुतेक प्रकरणे आता आठवणीतून गेली आहेत. कोणी गुन्हा क्रमांक सांगितला तर एखादे आठवेलही. हे एक प्रकरण मात्र मी मुद्दाम आठवत नाही, तरी ते माझ्याजवळ राहिले आहे. त्यात माझी एक चूक आहे आणि ती कुठल्याही कागदावर आलेली नाही. म्हणून इथे लिहितो. नावे कोणाचीच देत नाही.

मी तालुक्याच्या गावी शिकलो. वडील बाजार समितीत हमाली करत. घरात माझ्याआधी कोणी मॅट्रिकच्या पुढे गेले नव्हते. फौजदाराच्या मुलाखतीला पुण्याला निघालो त्या दिवशी सकाळची एसटी रद्द झाली. उसने बूट घालून मी स्टँडवर उभा होतो. दुसऱ्या एका गाडीच्या कंडक्टरने मला पाहून विचारले, "कुठं निघालास रं एवढा नटून?" मी सांगितले. त्याची गाडी खच्चून भरलेली होती. त्याने मला स्वतःच्या सीटवर बसवले आणि तो पुण्यापर्यंत उभा राहिला. त्याचे नाव मी विचारले नाही, याची मला आजही खंत वाटते.

पुढे बऱ्याच बदल्यांनंतर पूर्व पुण्यातल्या एका ठाण्यात गुन्ह्यांचा निरीक्षक म्हणून आलो. खराडीत तेव्हा जिकडे तिकडे काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. कंपन्यांच्या बसमधून गळ्यात ओळखपत्र अडकवलेली मुले उतरत आणि त्याच रस्त्याने गावातली म्हातारी माणसे उरल्यासुरल्या वावराकडे जात. अशाच एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत एका सकाळी रखवालदाराचे प्रेत सापडले. डोक्यात जड वस्तूचा घाव होता. उजव्या मुठीत शिट्टी घट्ट धरलेली होती. ती वाजवायला त्याला वेळ मिळाला नसावा. शेजारी जेवणाचा स्टीलचा डबा होता, लाल रिबिनीने बांधलेला, न उघडलेला.

घटनास्थळाचा पंचनामा मी स्वतः केला. मी सांगत होतो आणि माझा रायटर हवालदार लिहीत होता. शिट्टी आणि डबा या दोन गोष्टी मी वर्तमानपत्रांना कळू दिल्या नाहीत. खरा गुन्हेगार कधी बोललाच तर ओळखता यावा म्हणून तपासात अशी एखादी गोष्ट हातची राखून ठेवतात. आम्ही सहा महिने तपास केला. काहीच लागले नाही. शेवटी 'अ' समरी मंजूर झाली, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी अज्ञात. फाइल रेकॉर्ड रूममधल्या गठ्ठ्यात गेली.

त्यानंतर दीड वर्षाने एका गुरुवारी दुपारी आमचा नेहमीचा खबरी ठाण्याच्या मागच्या बाजूने आला. येरवड्यात त्याचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान होते. त्याने हातातला मोबाइल माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, "साहेब, गाणं ऐका."

"गाणी ऐकायला वेळ आहे का रे मला?"

"खराडीचं आहे साहेब. वॉचमनचं."

गाणे म्हणणारा येरवड्यातला चोवीस वर्षांचा एक रॅपर होता. आम्ही त्याला नावाने नव्हे, उपद्रवाने ओळखत होतो. त्याच्या गाण्यांत पोलीस, बिल्डर, नगरसेवक सगळ्यांचा उद्धार असे. तीन-चार ठाण्यांत त्याच्याविरुद्ध अर्ज होते. दोन कॉलेजांनी त्याचे कार्यक्रम आयत्या वेळी रद्द केले होते. रद्द झाले की ऐकणारे दुप्पट होत. या नव्या गाण्याच्या ओळी मी तेव्हा कागदावर उतरवून घेतल्या होत्या:

पूर्वेला विटा, पश्चिमेला पत्रा,
दक्षिणेला रस्ता, रस्त्यावर मी,
उत्तरेला लिफ्टचा उघडा खड्डा,
मध्ये पालथा माणूस, मुठीत शिट्टी.
शिट्टी वाजली नाय, डबा सुटला नाय,
उघडण्याआधीच कुणी म्हणालं, मेथी हाय.
फाइल बंद, तोंड बंद.

शेवटची ओळ पुन्हा पुन्हा येत होती. मी गाणे तीनदा ऐकले. मुठीतली शिट्टी ज्याला माहीत आहे तो एक तर पोलीस असणार, नाही तर तिथे हजर असलेला माणूस. त्यात हा स्वतःच सांगत होता, रस्त्यावर मी.

शुक्रवारी सकाळी नोटीस बजावून त्याला बोलावले. साडेदहाला तो एकटाच आला. उंच, सडपातळ, केस खांद्यापर्यंत, मनगटात निळा धागा. मी बसलो होतो आणि तो उभा होता. माझ्या त्या रायटर हवालदाराने त्याला आपादमस्तक पाहून घेतले.

"काय रे, राहायला कुठे?"

"येरवड्यात."

"आत की बाहेर?"

"भिंतीच्या अलीकडे, साहेब. अजून तरी."

हवालदार हसला. मी हसलो नाही. चौकशीत समोरच्याच्या विनोदाला हसले की तो अर्धा सुटतो, हा माझा अनुभव आहे.

"तुला कशासाठी बोलावलंय, माहीत आहे?" मी विचारले.

"माहीत आहे. सांगू नको म्हटलेलं सांगितलं, म्हणून."

इतक्या लवकर कोणी वाटेवर येत नाही. मी सावध झालो.

"कोणी म्हटलं होतं सांगू नको?"

तो माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहून म्हणाला, "ते तुम्हाला माहीत आहे."

"मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. त्या जागी तू होतास?"

"होतो."

"कोणाबरोबर?"

"पोलिसांबरोबर."

हवालदाराने टेबलावर हात आपटला. "गाण्यात बोलतोस तसं इथं बोलू नको! इथं टाळ्या वाजवायला कोणी नाही."

"खरं तेच बोलतोय. तुम्ही पण होता तिथे."

आम्हाला वाटले, तो आमची टिंगल करतो आहे. त्याची सगळी गाणी त्याच सुराची होती, पोलीसच गुन्ह्यात सामील असतात वगैरे. मी दोन तास प्रश्न विचारले. रखवालदाराला ओळखत होतास का? नाही. भांडण झाले होते का? नाही. मग शिट्टीचे कसे कळले? पाहिली. केव्हा? तेव्हाच. एकदाच त्याचा आवाज खाली आला.

"सर, एक सांगू? सोमवारपासून माझं शूटिंग आहे. सिनेमाचं. पहिलाच रोल आहे, इन्स्पेक्टरचा. तुम्ही अटक दाखवली तर ते दुसरा घेतील. दोघं जण रांगेत उभे आहेत. जे काही कलम लागतं ते लावा, दंड भरतो, माफी लिहून देतो. फक्त सोमवार जाऊ देऊ नका."

खुनाच्या संशयात सापडलेला माणूस दंडाची भाषा करतो, हे मला खटकायला हवे होते. खटकले नाही. वरिष्ठांचा दोनदा फोन येऊन गेला होता. संध्याकाळपर्यंत अटक दाखवा आणि उद्या रिमांडला न्या, असा त्यांचा आदेश होता. गाणे गाजत होते, आरोपी गाजलेला होता आणि जुना गुन्हा उघडकीस येत होता. कोणत्याही अधिकाऱ्याला हवे असते ते सगळे त्यात होते. मलाही ते हवे होते, हे मी कबूल करतो.

रिमांडच्या अर्जासाठी जुनी फाइल लागणार होती. तिची गरज मला त्याआधी वाटली नव्हती, कारण तो पंचनामा मला पाठ होता. हवालदार दुपारी तीनच्या सुमारास धुळीने भरलेला गठ्ठा घेऊन आला आणि म्हणाला, "साहेब, उंदरांनी तपास आपल्या आधीच पूर्ण केलाय. दोन पानं खाल्लीत. पंचनामा मात्र वाचलाय."

मी त्याला पंचनामा मोठ्याने वाचायला सांगितले आणि गाण्याचा कागद समोर घेतला. त्याने सुरुवात केली, "सदर जागेची चतुःसीमा पुढीलप्रमाणे. पूर्वेस विटांची रास. पश्चिमेस पत्र्याचे कुंपण. दक्षिणेस सार्वजनिक रस्ता. उत्तरेस लिफ्टकरिता ठेवलेला उघडा खड्डा. मध्यभागी एक इसम पालथ्या स्थितीत..."

"थांबा," मी म्हणालो.

माझे बोट गाण्याच्या ओळींवरून पुढे सरकत होते. तोच क्रम होता. पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर आणि मग मध्य. खून करणाऱ्याला जागा अशी आठवत नाही. त्याला दार कुठे होते, पळायला वाट कुठे होती, हे आठवते. आधी चारी दिशा सांगून मग प्रेताकडे फक्त पंचनामा येतो. त्या मुलाने माझे बोलणे जसेच्या तसे चालीत बसवले होते.

"शेवट बघा. सह्या," मी म्हणालो.

हवालदाराने पान उलटले. पंच क्रमांक एक, त्या बांधकामाचा सुपरवायझर. पंच क्रमांक दोन, वय बावीस, राहणार खराडी, खाली वळणदार सही. नाव सकाळच्या नोटिशीत मीच लिहिले होते ते. पत्ता तेवढा वेगळा होता, कारण त्या वेळी तो आईबरोबर खराडीत मावशीकडे राहत होता. हवालदार माझ्याकडे न पाहता म्हणाला, "आपल्याबरोबरच होता म्हणायचं, साहेब."

मी त्याला आत बोलावले. सहीवर बोट ठेवले. "ही तुझी?"

"हो."

"मग सकाळपासून सांगितलं का नाहीस?"

"तुम्हीच म्हणाला होता ना? सही झाल्यावर. यातला एक शब्द बाहेर बोललास तर तुझ्यावरच गुन्हा दाखल करीन. मला वाटलं, तोच दाखल करताय."

असे मी पंचांना नेहमीच म्हणत असे. त्याला कायद्याचा काही आधार नव्हता. बातमी फुटू नये म्हणून दिलेला तो दम होता. आम्ही विसरून जायचो. पंच विसरत नसत, हे मला त्या दिवशी कळले.

"आणि खरं सांगू?" तो पुढे म्हणाला, "मी आत आलो तेव्हा वाटलं, तुम्ही चेहऱ्यावरून ओळखाल. चार तास शेजारी उभा होतो तुमच्या."

मी म्हणालो, "बसा."

तो बसला. मी कागद पुन्हा जुळवले. गाण्यातले सगळे पंचनाम्यात होते, एक ओळ सोडून. डब्यात दोन भाकरी व मेथीची भाजी, असे मी लिहून घेतले होते. पण उघडण्याआधी कोणी काही बोलल्याचे त्यात नव्हते.

"हे उघडण्याआधी म्हणालं कोण?"

"एक नंबरचे पंच. तो सुपरवायझर. तुमचा एक शिपाई रिबीन सोडायला लागला, तेव्हा तो पुटपुटला, 'मेथी हाय, सोडता कशाला.' मी त्याच्या बाजूलाच होतो."

"मला कसं ऐकू आलं नाही?"

"तुम्ही सांगत होता ना लिहून घ्यायला. दुसरं कोणी बोललेलं तुम्हाला ऐकू येत नव्हतं."

हे तो उर्मटपणे म्हणाला नाही. जसे होते तसे सांगितले.

सुपरवायझरचा जबाब फाइलमध्ये होता. त्यात त्याने लिहून दिले होते की आदल्या दिवशी पाच वाजता तो साइटवरून गेला आणि सकाळी निरोप आल्यावरच परत आला. रखवालदाराला डबा देणाऱ्या खानावळीच्या बाईंकडे हवालदाराला तेव्हाच पाठवले. बाई चांगल्या स्मरणाच्या होत्या. मृताचा शेवटचा डबा त्या विसरणार कशा? त्या म्हणाल्या, "त्या दिवशी आमटी लागली होती खाली, म्हणून ऐन वेळी मेथी टाकली मी. सात वाजता माझ्या हातानं दिला डबा, आज मेथी हाय असं त्याला सांगून. कडी घट्ट, वर रिबीन. वास यायला जागा न्हाई." म्हणजे सुपरवायझर सातनंतर रखवालदाराला भेटला होता आणि डब्यात मेथी आहे, हे त्याला रखवालदाराकडूनच कळले होते. त्या माणसाच्या मोबाइलची त्या संध्याकाळची माहिती आम्ही मागवलीच नव्हती. तो साइटचा जबाबदार माणूस होता आणि पंच होता. पंचावर संशय घेण्याची आमच्याकडे पद्धत नव्हती.

पुढचे थोडक्यात सांगतो. मोबाइल आठ वाजेपर्यंत खराडीतच होता. सुपरवायझर संध्याकाळी साइटवरची सळई टेम्पोत घालून चोरून भंगारवाल्याला विकत असे. रखवालदाराने हरकत घेतली आणि शिट्टी हातात घेतली, तेव्हा सुपरवायझरने सळईच्या तुकड्याने त्याच्या डोक्यात घाव घातला. आरोपीने दाखवलेल्या जागेतून सळईचा तुकडा मिळाला, भंगारवाल्याने जबाब दिला आणि प्रकरण उभे राहिले.

पण त्या शुक्रवारचे एक राहिले. संध्याकाळी पाच वाजता रॅपरची आई ठाण्यात आली. खराडीतल्या एका कंपनीत ती साफसफाईचे काम करत होती. गणवेशातच आली होती. ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी ताठ उभी राहिली. मी बाहेर येऊन सांगितले, "बाई, मुलगा सुटलाय. तो आरोपी नाही, साक्षीदार आहे. घेऊन जा."

तिने हात जोडले नाहीत.

"मागच्या वेळी पण तुम्ही असंच म्हणाला होता म्हणे, पाच मिनिटांत सोडतो," ती म्हणाली. "त्या दिवशी त्याचा इंटरव्ह्यू होता साहेब. आमच्याच कंपनीत. ज्या मॅडमची खोली मी झाडते, त्यांच्या हातापाया पडून मिळवला होता. घरात पहिला ग्रॅज्युएट हाय तो. शर्टाला दोनदा इस्त्री केलती मी. तो शर्ट बघूनच तुमच्या माणसानं धरलं त्याला रस्त्यात. म्हणे, शिकलेला दिसतोय, सहीला बरा हाय. चार तासांनी पोचला तवा मॅडम म्हणाल्या, पहिल्याच दिवशी उशीर, पुढं काय दिवे लावणार? नोकरी गेली ती गेली, मला पण मान खाली घालावी लागली. त्या दिवसापासनं गाणी लिहायला लागला. आता हे सिनेमाचं काय ते मिळालंय. ते तरी राहू द्या."

मी "हो" म्हणालो. त्या मुलाला रस्त्यातून आणायला मी स्वतः सांगितले होते. 'जरा बरे कपडे घातलेला बघा,' हे माझेच शब्द होते. मला ते आठवले. मुलाचा चेहरा मात्र आजही आठवत नाही, त्याची इस्त्रीची घडीसुद्धा नाही.

सोमवारी तो शूटिंगला गेला. तिथे त्याचे केस कापले. वर्षभराने खटला उभा राहिला तेव्हा तो आमच्यासारखेच केस बारीक करून न्यायालयात आला. पंच क्रमांक एक आता आरोपीच्या पिंजऱ्यात होता, त्यामुळे पंचनामा सिद्ध करायला हा एकटाच उरला होता. तोवर त्याच्या सिनेमाची जाहिरात सुरू झाली होती आणि त्याच्या जुन्या गाण्यांवरून त्याला सिनेमातून काढा, अशी निवेदनेही दिली जात होती. खुनाच्या खटल्यात नाव येणे त्याला परवडणारे नव्हते. तो न आला असता तर मी त्याला दोष दिला नसता. तारखेला तो माझ्याआधी येऊन बाकावर बसलेला होता.

आरोपीचे वकील नारायण पेठेतले होते, शांतपणे चिमटे काढणारे.

"आपण काय करता?"

"अभिनय करतो."

"म्हणजे जे घडलं नाही ते घडल्यासारखं दाखवता. छान. आणि त्याआधी?"

"गाणी करायचो."

"त्यांना गाणी म्हणतात, हे आम्हाला आजच कळलं. तर आपल्याला जे 'मेथी हाय' ऐकू आलं, ते गाण्याला यमक हवं म्हणून ऐकू आलं का?"

"नाही सर. यमकासाठी कोथिंबीरही चालली असती. तो मेथी म्हणाला."

हसू लपवायला न्यायाधीशांनी मान खाली घातली. वकिलांनी पुन्हा त्या वाटेला जाण्याचे टाळले. आरोपीला शिक्षा झाली.

सिनेमा लागला तेव्हा मी निवृत्तीला टेकलो होतो. पत्नीला घेऊन गेलो. सिनेमा बराचसा मारामारीचा होता आणि त्यातले पोलीस ठाणे फार स्वच्छ होते. मध्यंतरानंतर एक प्रसंग आला. एका घरात मृतदेह आहे, पंचनामा करायचा आहे. हवालदार रस्त्यावरून एका तरुणाला धरून आणतो. इन्स्पेक्टर झालेला हा मुलगा वर पाहतो, खुर्ची पुढे सरकवतो आणि विचारतो, "बसा. तुम्ही कुठे निघाला होता?"

सिनेमाच्या कथेशी त्या प्रश्नाचा काही संबंध नव्हता. तरुण काहीतरी उत्तर देतो आणि प्रसंग पुढे जातो. ती ओळ कोणी लिहिली, मला माहीत नाही.

पत्नी माझ्या कानाशी म्हणाली, "तुम्ही लोक असं विचारता?"

माझ्यासमोर कितीतरी पंच येऊन गेले. पानवाले, रिक्षावाले, दवाखान्यात निघालेली माणसे, डबा घेऊन कामावर निघालेली माणसे. त्यांच्या सह्यांवर माझे गुन्हे उभे राहिले आणि माझ्या बढत्याही. निरीक्षण हेच आपले बळ, असे मी नव्या फौजदारांना शिकवत आलो. पुण्याला येतानाच्या त्या एसटीत मी कोणाच्या सीटवर बसलो होतो, हे मात्र मी त्यांना कधी सांगितले नाही.

पडद्यावर पुढची मारामारी सुरू झाली होती. मी पत्नीला म्हणालो, "नाही. मी कधीच विचारलं नाही."

निवृत्तीला तेव्हा सात महिने बाकी होते. त्या सात महिन्यांत माझ्यासमोर जितके पंच आले, त्या प्रत्येकाला मी विचारले. दोघांना जाऊ दिले.